परकारचाचा मुका माल घेत नाहीत

परीक्षेत एकदा नापास झालो होतो, हे तुम्ही आपणहून किती जणांना सांगितलंय? नोकरीच्या अर्जात लिहिलंत? लग्न जमवताना समोरच्यांच्या कानावर घातलंत? नाही ना? मग तुम्ही आमच्या परकारचाचांसमोर न गेलेलंच बरं. ते तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळतील, कुठला कोपरा चेपलाय ते शोधतील आणि कागदावर लिहून ठेवतील.

रियाधमध्ये आम्ही राहतो त्या इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर परकारचाचा एकटे राहतात. मूळचे हर्णैचे. शहराच्या सुलै भागातल्या गोदामांमध्ये खाण्याच्या मालाची एक मोठी कंपनी आहे. तिथे माल उतरवून घेण्याच्या दारावर ते सत्तावीस वर्षं उभे होते.

त्यांची आमची ओळख झाली ती कपबश्यांवरून. आईबाबांच्या लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून इमारतीतले लोक जेवायला आले होते. चाचांनी कपबश्यांचा सेट आणला होता आणि वर चिठ्ठी चिकटवली होती: ‘सहा कप, सहा बश्या. एका कपाच्या कानाला आतून बारीक चीर. दुकानदाराने बदलून दिला नाही. मुबारक.’ आईला हसू आवरेना. बाबा मात्र खट्टू झाले. म्हणाले, परकारभाई, एक तर दुसरा सेट आणायचा, नाही तर गप्प बसायचं. त्यावर चाचा शांतपणे म्हणाले, "गप्प बसलो असतो तर कान तुटला त्या दिवशी तुम्ही मला शिव्या घातल्या असत्या. आता कपाला घालाल."

त्यांचं काम तुम्हाला सांगते, म्हणजे हा माणूस कळेल. ट्रक आला की माल मोजायचा, बघायचा आणि पावतीवर सही करायची. सही झाली की माल आपला, त्यातली मोडतोडही आपली. म्हणून सहीच्या आधी शेरा लिहायचा: दोन खोकी ओली, एका डब्याला पोचा, एका पोत्याची शिवण उसवलेली. ज्या पावतीवर शेरा नाही, त्या मालाला चाचा ‘मुका माल’ म्हणतात. मुका माल ते घेत नाहीत. त्यांचं म्हणणं, दम्मामच्या बंदरातून एवढा रस्ता कापून आलेल्या मालाला काहीच झालं नाही असं कसं होईल? त्याला बोलता करायचा. "आधी लिहा, मग सही," हे वाक्य ते दिवसातून इतक्या वेळा म्हणायचे की गोदामातले नेपाळी हमालही ते मराठीतून म्हणायला लागले होते. एकदा एक पठाण ड्रायव्हर चिडून म्हणाला, चाचा, मेरे टायर का भी लिख लो. चाचांनी खाली वाकून टायर बघितला आणि लिहिलं.

बरं, हे गोदामात ठीक आहे. घरीही तेच. पुतण्याचं लग्न ठरवायला हर्णैला गेले तेव्हा मुलीच्या बापाला म्हणाले, पोरगा कमावता आहे, नमाजी आहे, पण घोरतो, आणि कालवणात मीठ जास्त झालं तर ताट सरकवतो. वहिनीने कपाळावर हात मारला. मुलीचा बाप म्हणाला, एवढंच ना? आणि लग्न लागलं. जुनी गाडी विकायला काढली तेव्हा बघायला आलेल्या माणसाला त्यांनी एसीपासून मागच्या दाराच्या कडीपर्यंत सगळी दुखणी सांगितली. तो माणूस न बोलता निघून गेला. दुसऱ्याच दिवशी परत आला आणि गाडी घेऊन गेला. म्हणाला, बाकी चार गाड्या बघितल्या, एकीलाही काहीच झालेलं नव्हतं, मला भीती वाटली.

हे सगळं मलाही गमतीचं वाटायचं. मग माझ्यावर वेळ आली.

बारावीच्या परीक्षेत केमिस्ट्रीच्या पेपरच्या आदल्या दिवशी सकाळी आईचं अपेंडिक्स फुटलं. बाबा जुबैलला होते. त्यांचा कारखाना दुरुस्तीसाठी बंद ठेवला होता आणि अशा वेळी इंजिनिअरला तिथून हलू देत नाहीत. आईला इस्पितळात चाचांनी नेलं. ऑपरेशन होऊन ती शुद्धीवर येईपर्यंत मी बाकावर बसून होते. शेजारी चाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शाळेला फोन करून कळवलं, मला इस्पितळातून थेट परीक्षेला सोडलं आणि परत आईजवळ जाऊन बसले. पेपरात मी काय लिहिलं ते मला आजही आठवत नाही. पाच पानं कोरी सोडली एवढं आठवतं. निकाल लागला, मी केमिस्ट्रीत नापास. पुढच्या वर्षी सगळी परीक्षा पुन्हा दिली आणि चांगल्या गुणांनी पास झाले.

आता मला मेडिकलला जायचं होतं. आखातातल्याच एका मेडिकल कॉलेजचा अर्ज आम्ही आणला. त्यात एक प्रश्न होता: याआधी दिलेल्या सगळ्या परीक्षा निकालासह लिहा. एखादी परीक्षा पुन्हा दिली असेल तर तसं सांगा. काही अडचणीची परिस्थिती असेल तर ती लिहा आणि पुरावा जोडा.

या प्रश्नावर आमच्या घरात जे रामायण झालं ते सांगायलाच हवं, कारण माझ्या रागाचं मूळ तिथे आहे.

बाबांनी मला एका कन्सल्टंटकडे नेलं. मॉलमधलं ऑफिस, मऊ सोफा, भिंतीवर पांढरे कोट घातलेल्या पोरांचे फोटो. बाबांच्या गाडीचं काम निघालं होतं म्हणून चाचा आम्हाला घेऊन आले होते आणि सोफ्याच्या टोकाला टेकले होते. कन्सल्टंटने माझी नवी गुणपत्रिका बघितली, खूश झाला आणि म्हणाला, जुनी फेकून द्या. नव्या गुणपत्रिकेवर कुठे लिहिलंय की ही दुसरी वेळ आहे? बाबांनी मान डोलावली. मी विचारलं, पण फॉर्म तर विचारतोय. तो हसला. माझ्याकडे बघून नाही, बाबांकडे बघून.

"फॉर्म तो सब पूछता है, बेटा. सब बताना थोडी होता है."

तेव्हा सोफ्याच्या टोकावरून चाचांनी विचारलं की खाली सही कोणाची आहे, तुमची की पोरीची? कन्सल्टंट म्हणाला, अर्थातच विद्यार्थिनीची. चाचा उठले. म्हणाले, मग चला, इथे मुका माल खपवतात.

बाबा घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत आणि घरी आल्यावर बरंच बोलले. त्यांचा मुद्दा साधा होता. पोरीचं एक वर्ष गेलंच आहे. आता आपणच तिच्या कपाळावर नापास असं लिहून पाठवायचं का? वाचणारे काय म्हणतील?

मला राग आला तो बाबांचा नाही. हे बाबांना ज्यांनी शिकवलं त्यांचा. शाळेने निकालाच्या दिवशी फलक लावला होता, सगळे पास. मी नापास होते, तरी फलकावर सगळे पास. म्हणजे मी त्या सगळ्यांमध्ये नव्हतेच. दोन वर्षं त्याच शाळेच्या बाकावर बसले, फी भरली, सहलीच्या फोटोत पुढच्या रांगेत उभी राहिले, आणि एका पेपरने माणसांतून उठले. पोरं नापास होतात ही बातमी नाही. नापास झालेली पोरं पुसून टाकतात, ही बातमी आहे, आणि ती कुठेच छापून येत नाही. लपवायचं हे आम्हाला घरी शिकवत नाहीत हो. ते शाळा शिकवते, कन्सल्टंट शिकवतो, आणि मग आई-बाप आमच्या काळजीने आमच्याकडून तेच घोकून घेतात.

अर्जात खरं लिहायचं हे शेवटी ठरलं, कारण आईने ठरवलं. ती म्हणाली, माझ्या आजारपणाची लाज वाटायचं कारण नाही.

मी ताबडतोब लिहायला बसले. माझे आजोबा नाशकात कामगारांसाठी पत्रकं लिहायचे आणि मला अक्षरओळख त्या पत्रकांवरच झाली. त्यामुळे माझी परिस्थिती सात पानं भरली. तिची सुरुवात होती, ‘या शिक्षणव्यवस्थेला माझा सवाल आहे.’ ती घेऊन मी वर चाचांकडे गेले. ते म्हणाले, वाचून दाखव. मी वाचत गेले, ते डोळे मिटून ऐकत होते. सातवं पान संपल्यावर त्यांनी विचारलं, "बाय, ह्यात ऑपरेशन कुठच्या पानावर आहे?"

पाचव्या पानावर होतं.

त्यांनी मला शेरा कसा लिहायचा ते शिकवलं. शेऱ्यात चारच गोष्टी: काय झालं, कधी झालं, किती झालं आणि कोणासमोर झालं. कोणाच्या चुकीने झालं हे लिहायचं नाही. ते वाचणारा ठरवतो. मी म्हटलं, पण अन्याय झालाय. ते म्हणाले, खोकं ओलं आहे एवढंच आपण लिहितो, समुद्र वाईट आहे असं लिहीत नाय. मग मी विचारलं, निदान ‘नापास’ हा शब्द शेवटी टाकू का? ते म्हणाले, वर टाक. फुटलेला डबा खोक्याच्या तळाशी ठेवणारा माणूस चोर असतो.

सात पानांची सहा वाक्यं झाली. ‘मी केमिस्ट्रीत नापास झाले. पेपरच्या आदल्या दिवशी माझ्या आईचं तातडीचं ऑपरेशन झालं. वडील कामासाठी दुसऱ्या शहरात होते. मी आईजवळ होते आणि इस्पितळातून परीक्षेला गेले. पुढच्या वर्षी सर्व विषयांची परीक्षा पुन्हा दिली. दोन्ही निकाल सोबत जोडले आहेत.’ मला ती वाक्यं उघडी-बोडकी वाटली. आता वाटतं, इतकं खरं मी आयुष्यात दुसरं काही लिहिलेलं नाही.

मग पुरावा. ‘परिस्थिती’ हा शब्द फॉर्मवर छापणं सोपं आहे. ती सिद्ध करायला शिक्का लागतो, आणि शिक्का ज्याच्या टेबलावर असतो त्याला तुमच्या परिस्थितीशी देणंघेणं नसतं. शाळेच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, आम्ही बोनाफाइड देतो, कॅरेक्टर देतो, असलं पत्र देत नाही. चाचा म्हणाले, काही हरकत नाय मॅडम, नाही देत एवढंच लिहून द्या, शिक्का मारून. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. चाचा खुर्चीत नीट मागे सरकून बसले. तासाभराने आम्हाला दोन ओळी मिळाल्या: परीक्षेच्या दिवशी सकाळी विद्यार्थिनीची आई इस्पितळात असल्याचं शाळेला फोनवर कळवण्यात आलं होतं.

इस्पितळाचा कागद अरबीत होता. आमच्या घरात अरबी कोणालाच येत नाही. चाचांना वाचता येते, सगळी खोक्यांवरून शिकलेली. त्याचं इंग्रजी भाषांतर शिक्क्यासह हवं होतं. चाचा म्हणाले, आमच्या कंपनीचा मंदूब करून देईल. मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कागदपत्रं घेऊन कचेऱ्यांमधून फिरणारा माणूस. त्याच्या ओळखीच्या भाषांतर कचेरीने मसुदा दिला. तपासून सही करून आणा, मग शिक्का मारतो, अशी त्यांची पद्धत होती. मसुदा चाचांकडे तीन दिवस होता. चौथ्या दिवशी तो त्यांच्या सहीसह गेला आणि शिक्क्यासह आला. आम्ही अर्ज पाठवला.

महिन्याभराने कॉलेजचं उत्तर आलं. आपण जोडलेल्या कागदानुसार ऑपरेशन ऑगस्टमध्ये झालं. परीक्षा त्याआधी जवळजवळ सहा महिने झाली होती. सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा अर्ज बंद करण्यात येईल.

मी भाषांतर काढून बघितलं. खरंच ऑगस्ट होतं. ठळक अक्षरांत, शिक्क्याच्या बरोबर वर.

तुम्ही विचाराल, पाठवण्याआधी मी ते वाचलं नव्हतं का? नव्हतं. त्या दिवसाचा कागद मला वाचवत नव्हता. मी तो नुसता पाकिटात घातला. मी दुसऱ्यांवर एवढी चिडते, तर हेही इथे लिहिलंच पाहिजे.

बाबांनी कन्सल्टंटला फोन केला. त्याने काय म्हटलं ते बाबांनी सांगितलं नाही, पण फोन ठेवल्यावर ते म्हणाले, त्या माणसाच्या शेऱ्यापायी माझी पोरगी खोटारडी ठरली. चाचा वरच्या मजल्यावर राहतात आणि आमच्याकडे बोललेलं खिडकीतून वर जातं, हे बाबांना ठाऊक होतं.

मी दोन्ही कागद घेऊन वर गेले. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. अरबी कागदावरची तारीख त्यांनी बघितलीही नाही, तोंडपाठ होती: आठ शाबान. शाबान हा हिजरी वर्षातला आठवा महिना. त्या वर्षी तो फेब्रुवारी-मार्चमध्ये आला होता. भाषांतर करणाऱ्याने साल बदलून इंग्रजी केलं आणि महिन्याचा आकडा तसाच ठेवला. आठ म्हणजे ऑगस्ट. एवढंच. ही चूक इथेच होऊ शकते, जिथे माणूस दोन कॅलेंडरांत राहतो. चाचांनी अशा दुहेरी तारखांची लाखभर खोकी तपासली असतील.

म्हणून मी विचारलं, "चाचा, तुम्ही बघितलं होतं ना?"

ते म्हणाले, "बघितलं नाय, बाय. धरलं होतं."

मला समजलं नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं. दीड वर्षापासून डाव्या डोळ्यापुढे धुकं. आता उजव्याही. गोदामात खोक्यांचे कोपरे ते हाताने चाचपून बघायचे, ओल तळव्याला कळायची, पोचा बोटाला कळायचा. अरबी मोठ्या ठशाची असली तर दिसायची. भाषांतराचं बारीक इंग्रजी तीन दिवस उजेडात धरून बघितलं, दिसलं नाही, आणि माझी मुदत जवळ आली म्हणून सही केली. सत्तावीस वर्षांत घेतलेला पहिला मुका माल, आणि तो माझा होता.

पुढचं सोपं होतं. भाषांतर कचेरीकडून दुरुस्त प्रत आणायची आणि कॉलेजला कळवायचं. कचेरी म्हणाली, तुमच्या माणसाने तपासून सही केली आहे. ती चुकून केली हे कारणासह त्याच्याकडून लेखी आणा, मग दुरुस्त करतो. चाचांनी मला कागद घ्यायला लावला आणि सांगायला सुरुवात केली. मी हे भाषांतर वाचता येत नसताना तपासल्याची सही केली. माझी नजर अधू आहे. चूक अर्जदार मुलीची नाही.

मी पेन खाली ठेवलं. हा कागद मंदूबच्या हातून जाणार. म्हणजे कंपनीत कळणार. ज्या माणसाचं कामच बघण्याचं आहे त्याला दिसत नाही हे कळल्यावर कंपनी काय करेल? इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, कंपनीच्या हातात. मी म्हटलं, चाचा, आपण घाईत चूक झाली असं लिहू. तेवढं पुरतं.

कोण म्हणालं हे? मी. सात पानी अन्याय लिहिणारी मी.

"घाई नव्हती, बाय. तीन दिवस कागद माझ्याकडे होता." आणि मग, "तुझा बाप खाली म्हणाला ते मी ऐकलं. तू खोटी नायस. एवढा कागद तरी तुझ्या फाइलीत सरळ जाऊ दे."

मी लिहिलं. त्यांनी सही कुठे करायची ते बोटाने चाचपून घेतलं.

पाचव्या दिवशी दुरुस्त प्रत, चाचांचा जबाब आणि शाळेच्या दोन ओळी कॉलेजला गेल्या. नंतर मुलाखत झाली. नापास झाल्याबद्दल मला एकच प्रश्न आला: त्यातून तुम्ही काय शिकलात? मी म्हटलं, नोंद करायला. मुलाखत घेणाऱ्या बाई हसल्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. ज्या शब्दाला आमचं घर वर्षभर घाबरत होतं, त्याने त्यांचं एक मिनिटही खाल्लं नाही. मला प्रवेश मिळाला.

चाचांना काय मिळालं? आठवड्याभरात त्यांना दारावरून काढलं. परत आलेल्या, टाकून द्यायच्या मालाच्या विभागात बसवलं. त्या मालावरचा शेरा कोणी वाचत नाही. आणि इकामा संपायच्या आत नजर तपासून दाखला आणा, नाहीतर घरी जा, असं पत्र दिलं. त्या कन्सल्टंटच्या ऑफिसात आता आणखी एक सोफा आला आहे, असं बाबांनी सांगितलं. मी ज्या व्यवस्थेला सवाल विचारत होते ती अशी आहे. खरं लिहा म्हणते, आणि लिहिलं की आधी त्या माणसाची जागा काढून घेते. मला वाचणाऱ्यांची दया नको आहे. मला याचा संताप हवा आहे.

पण संतापाच्या भरात आम्ही एक साधा प्रश्न विचारायचाच विसरलो होतो. तो आईने विचारला. बाबा वर जाऊन चाचांची माफी मागत होते, बराच वेळ, अडखळत. आई डबा घेऊन मागोमाग गेली आणि म्हणाली, परकारभाई, मोतीबिंदूच असेल ना? अर्ध्या तासाचं ऑपरेशन असतं. कंपनीचा विमा आहे. दीड वर्ष केलं का नाही?

चाचांनी कपाटातून एक फॉर्म काढला. इस्पितळाचा, दीड वर्षापूर्वीचा, घडीवर पिवळा पडलेला. सगळा भरलेला होता. सुवाच्य अक्षरात नाव, इकामा नंबर, रक्तगट, लहानपणी झालेला कांजिण्यांचा आजारसुद्धा. एक रकाना रिकामा होता: सोबत येणाऱ्या नातेवाइकाचं नाव आणि नातं.

बाबा म्हणाले, पुतण्या आहे ना.

"तो हर्णैला. इथे सोबत येणारा असं लिहिलंय. तो कुठे येतोय?" चाचा म्हणाले. चाची जाऊन बारा वर्षं झाली. मूल नाही. इमारतीत कोणाचंही नाव घातलं असतं तर चाललं असतं हे त्यांनाही ठाऊक होतं. पण नात्यापुढे काय लिहायचं? भाऊ लिहिलं तर खोटं. कोरं ठेवलं तर इस्पितळ घेत नाही. म्हणून सत्तावीस वर्षं दुसऱ्यांचे रकाने भरून घेणारा हा माणूस आपला एक रकाना घेऊन दीड वर्ष अंधारात चाचपडत राहिला, आणि आम्ही खालच्या मजल्यावर त्यांच्या चिठ्ठ्यांवर हसत होतो.

आईने पेन घेतलं. आपलं नाव लिहिलं, फोन नंबर लिहिला, आणि नातं या शब्दापुढे लिहिलं: शेजारीण.

इस्पितळात खिडकीवरच्या फिलिपिनो मुलीने फॉर्म घेतला, मान वर न करता ते सगळं टाइप केलं आणि बसायला सांगितलं. बस, एवढंच. चाचा बाकावर आईच्या शेजारी बसले आणि हळूच विचारलं, "वहिनी, खोटं नाय ना झालं?"

आई म्हणाली, "खोटं काय त्यात? मी खालीच तर राहते."

उजव्या डोळ्याचं झालं. डाव्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. दाखला मिळेल की नाही, ते अजून कळलेलं नाही.

तुमच्याकडे माझं एक मागणं आहे, आणि ते नुसतं वाचून सोडू नका. तुमच्या इमारतीत, चाळीत, कामगारांच्या कॅम्पात कोणीतरी एकटं राहतं. आज त्याचं दार वाजवा आणि विचारा, तुमच्या इस्पितळाच्या फॉर्मवर कोणाचं नाव घालता? तो माणूस विषय बदलेल. तुम्ही बदलू नका. एका कागदावर तुमचं नाव लिहा, फोन नंबर लिहा, नात्यापुढे शेजारी लिहा आणि तो कागद त्याच्या हातात द्या. चालतं ते. मी स्वतः बघितलंय.